चौथा कप्पा

आमच्या वधूवर सूचक केंद्राच्या फॉर्ममध्ये नाव, जन्मवेळ, गोत्र, उंची झाल्यावर एक ओळ येते. रंग. त्यापुढे चार चौकोन: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. या चार चौकोनांवर पुण्यातली सभ्य माणसं जेवढं खोटं बोलतात तेवढं आयकराच्या कागदांवरही बोलत नसतील. सावळे लोक गव्हाळावर खूण करतात, गव्हाळ निमगोऱ्यावर, निमगोरे बिनदिक्कत गोऱ्यावर, आणि जे मुळातच गोरे त्यांना तेवढा चौकोन पुरत नाही म्हणून ते बाजूला पेनाने 'केतकी' असं लिहून जातात. टिळक रोडवरच्या या केंद्रात पहिल्या टेबलाशी मी बसते. फॉर्म तपासून त्यावर शिक्का मारणं हे माझं काम. जन्मवेळ तपासते, फोन नंबर तपासते. रंग तपासायची आमच्याकडे पद्धत नाही. मुलगी समोर बसलेली असते, मला दोन डोळे आहेत, तरी मी मान खाली घालून शिक्का मारते. सगळेच एक घर वर सरकतात, मग बिघडतं कुणाचं?

म्हणून रंगनाथ पोंक्षे सरांनी आपल्या मुलीच्या फॉर्मवर चौथ्या चौकोनात ठळक खूण केली तेव्हा मी मान वर करून बघितलं.

सर एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. धायरीला राहायचे. अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्यातली चूक सापडल्यासारखा चेहरा. शेजारी त्यांच्या पत्नी कुसुमताई बसल्या होत्या. त्यांनी सरांना कोपराने हलकंच ढोसलं.

"अहो, गव्हाळ करा ना."

"ती सावळी आहे."

"ते दिसेलच की त्यांना. आधी भेटू तर देत."

"भेटल्यावर दिसणारच आहे, तर आधी खोटं लिहायची मेहनत कशाला?"

कुसुमताई गप्प झाल्या. मी होणार नव्हते. मी म्हटलं, "सर, इथे सगळे एक घर वर लिहितात. वाचणाऱ्यांनाही ते माहीत असतं, म्हणून ते एक घर खाली वाचतात. तुम्ही सावळी लिहिलंत तर लोक काय वाचतील याचा विचार करा."

"म्हणजे तुमच्याकडचा सगळा डेटा खोटा आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुम्ही त्यावर शिक्का मारता."

"हो."

"वा," सर म्हणाले आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. मीही रागाने जरा जोरातच शिक्का मारला.

अशी आमची ओळख झाली. पुढे सर वरचेवर यायला लागले. धायरीहून बसने स्वारगेट, तिथून चालत आमच्याकडे. कुणाकडून काही निरोप आला का, एवढं विचारायला फोन पुरला असता. पण निवृत्त माणसाला एखादं काम घेऊन घराबाहेर पडायला बरं वाटतं. दाराशेजारच्या बाकावर बसायचे, पाणी प्यायचे, आणि गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नसल्यामुळे मला त्यांचा विषय शिकवायचे. मला न विचारता.

"कप्पे दोन प्रकारचे असतात, मुक्ताताई. काही नावाचे, काही पायरीचे. रक्तगट घ्या. ए, बी, ओ. बी हा ओपेक्षा मोठा नाही, लहान नाही, नुसता वेगळा आहे. हा नावाचा कप्पा, नॉमिनल. शिक्षण घ्या. दहावी, बारावी, पदवी. एकावर एक. हा पायरीचा, ऑर्डिनल. कुठलंही मॉडेल मांडायच्या आधी प्रत्येक कप्पा कोणत्या प्रकारचा हे ठरवावं लागतं. तिथे चुकलात की पुढचं सगळं गणित बिनचूक करूनही उत्तर चूकच येतं."

"आणि नावाच्या कप्प्याला पायरीचा समजलं तर?"

"तर स्वारगेटला उभं राहा, समोरून गेलेल्या सगळ्या बसच्या नंबरांची सरासरी काढा, आणि त्या सरासरीच्या बसची वाट बघत बसा. येईल."

मला हसू आलं. मग मी मुद्दामच विचारलं, "आणि रंग हो सर?"

"नाव," ते म्हणाले. "नुसतं नाव. त्याला पायरी नाही."

हे ते शिकवायचं म्हणून बोलत नव्हते. हे मला त्यांच्या मुलीने सांगितलं. तनया खडकीच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. फोटो बदलायला म्हणून एकदा ती स्कूटरवरून आली. उंच, भरभर बोलणारी, आणि हसली की आतल्या खोलीतली माणसं डोकावून बघतील अशी. मला ती बघताक्षणी आवडली. लग्न का करायचंय, असं मी प्रत्येकीला विचारते. बहुतेकींना आईने सांगितलेलं उत्तर पाठ असतं. ही म्हणाली, "दिवसभर लोकांचे गुडघे वाकवून घरी गेल्यावर कुणाशी तरी भांडावंसं वाटतं. आईबाबांशी भांडून झालंय सगळं."

तिनेच मला तेलखडूंची गोष्ट सांगितली. लहानपणी एका मुंजीत तिच्या आत्याने सगळ्यांसमोर तिची हनुवटी धरली आणि, "आमच्यात ही अशी कुठून आली गं?" असं म्हणून वर डाळीचं पीठ लावायचा सल्ला दिला. घरी येऊन ही रडत बसली. सरांनी तिची तेलखडूंची पेटी जमिनीवर उपडी केली आणि म्हणाले, "यातला पहिला कुठला?" तिने ओळीने मांडून दाखवले. सरांनी सगळे विस्कटले. "आता पहिला कुठला?" तिने पुन्हा वेगळे मांडले. त्यांनी पुन्हा विस्कटले. शेवटी तिला हसू फुटलं. तेव्हा ते म्हणाले, "यांना नावं असतात, तनू. नंबर नसतात."

"नंतर कुणी काही बोललं ना, शाळेत, कॉलेजात, बसमध्ये, की मी मनातल्या मनात खडू विस्कटून टाकायचे," तनया म्हणाली. "सगळ्या जगाला माझा नंबर माहीत होता हो. एकट्या बाबांना माहीत नव्हता. म्हणून तर ते सावळी लिहून मोकळे झाले. आईला राग आला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू."

मी ड्रॉवर उघडून उगाचच रबर शोधायला लागले.

स्थळं मात्र येत नव्हती. आली तर फोनवर थोडं बोलणं व्हायचं आणि मग ठरलेलं वाक्य, "पत्रिका जमत नाही." आमच्या व्यवसायात हे वाक्य नसतं तर काय झालं असतं कोण जाणे. मुलाला मुलगी जाड वाटली, पत्रिका जमत नाही. मुलीच्या घरी लिफ्ट नाही, पत्रिका जमत नाही. सरांचा पत्रिकेवर काडीचा विश्वास नव्हता, पण लोकांचा आहे यावर मात्र होता. "अंधश्रद्धेमुळे अडलंय," असं ते कुसुमताईंना सांगायचे. दुसरं काही कारण असेल असं त्यांच्या मनात येत नव्हतं, किंवा ते येऊ देत नव्हते.

त्याच सुमारास आमच्या मालकीणबाईंचा मुलगा अभिनव याने केंद्राचं ॲप काढलं. हिंजवडीला नोकरी करून कंटाळलेला मुलगा, वागायला चांगला. लोकांनी आमच्या संगणकावर कुणाची माहिती उघडली, कुणाच्या नावापुढे पसंतीचं बटण दाबलं, याची कितीतरी वर्षांची नोंद पडून होती. तिच्यावरून एक मॉडेल बनवायचं, आणि ज्याला जी पसंत पडण्याचा संभव जास्त ती स्थळं त्याला वर दाखवायची, असा त्याचा बेत होता. हे गणित येणारं माणूस त्याला हवं होतं. ते रोज बाकावर बसून पाणी पीत होतं.

सर खुश झाले. पुन्हा कुणीतरी त्यांना 'सर, हे बघता का' म्हणत होतं. पण पहिल्याच दिवशी काचेच्या केबिनमधून त्यांचा आवाज बाहेर ऐकू आला.

"रंगाला एक, दोन, तीन, चार? कुणी सांगितलं?"

"सर, सोपं पडतं. एकच आकडा येतो उत्तरात."

"सोपं पडतं म्हणून सगळ्यांना एकाच मापाचे जोडे देशील? आणि समजा, क्षणभर समज, की हा क्रम आहे. तरी गोऱ्यापासून निमगोरा जितका लांब, तितकाच गव्हाळापासून सावळा लांब, हे तू कुठे मोजलंस? तुझ्या एक-दोन-तीन-चारमध्ये सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत. तू जगाबद्दल केवढं मोठं विधान केलंस, कळतंय का तुला?"

अभिनव हसत म्हणाला, "तुम्ही सांगाल तसं करू, सर."

सरांनी सांगितलं तसं केलं. रंग हा नावाचा कप्पा. चार नावं, चार वेगळे रकाने, कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. सर बाहेर येऊन बाकावर बसले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"बघाच तुम्ही," ते मला म्हणाले. "मी क्रम दिला नाही. आता वय, शिक्षण, नोकरी, गाव, पत्रिका हे सगळं हिशेबात धरलं की रंगाचे चारही कप्पे जवळजवळ एका ओळीत येतील. अडचण पत्रिकेत आहे, हे आकड्यांत दिसेल. मग ॲपमधून पत्रिकेचं महत्त्वच कमी करता येईल."

इतकी वर्षं त्या टेबलाशी बसून काय येणार ते मला माहीत होतं. पण जगात एखाद्या वेळी आपलं चुकावं आणि अशा माणसाचं बरोबर यावं, असं फार वाटलं मला.

उत्तर आलं त्या दुपारी सर केबिनमध्ये बराच वेळ होते. आवाज काहीच येत नव्हता. बाहेर आले, बाकावर बसले, पाणी मागितलं नाही. मी टेबलावरचं काम तसंच ठेवून त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"गोऱ्याला शून्य धरलं," ते म्हणाले. वर्गात सांगावं तसं, सावकाश. "बाकीचे तिघं त्याच्यापासून किती खाली किंवा वर, एवढंच विचारलं. कुठला आधी, कुठला नंतर, हे सांगितलेलंच नव्हतं."

"मग?"

त्यांनी हाताचा तळवा बाकाच्या पाठीवर ठेवला. "हा गोरा." हात थोडा खाली आणला. "निमगोरा." आणखी थोडा खाली आणला. "गव्हाळ. बघा, पायरी साधारण तेवढीच." मग तो हात बाकाच्या बैठकीवरून घसरून कडेच्या खाली गेला आणि तिथेच लोंबकळत राहिला. "सावळा."

मी तो लोंबकळणारा हात बघत राहिले.

"मी क्रम दिला नव्हता, मुक्ताताई. त्यांनीच लावला. हजारो माणसांनी, एकेकाने, घरी बसून, कुणी बघत नसताना. आणि सगळ्यांचा सारखाच आला."

"आणि पत्रिका?"

"पत्रिकेचा परिणाम नाहीच. लोक पत्रिका उघडतसुद्धा नाहीत. आधी रंग बघून पुढे जातात, आणि कुणी विचारलंच तर पत्रिका म्हणतात. ज्यांनी अपेक्षेत 'रंगाची अट नाही' असं लिहिलंय त्यांचं मी वेगळं काढून बघितलं. तेही तसेच." ते थांबले. "तो अभिनव एक-दोन-तीन-चार घालत होता. त्यात पायऱ्या सारख्या होत्या. ते चूक होतं, मी त्याला झापलं, आणि चूक ती चूकच. पण त्या चुकीत तनया गव्हाळाच्या एकच पायरी खाली होती. माझ्या बरोबर उत्तरात ती खड्ड्यात आहे."

पहिल्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं होतं, हे माझ्या जिभेवर आलं. गिळलं. तर तेच म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतं. बाकीचे सगळे सरकून वर गेले. त्या कप्प्यात खरं लिहिणारे तेवढे उरले, आणि लोकांनी त्यांनाही एक घर खालीच वाचलं. तिला तिथे मी ठेवलं. माझ्या हाताने."

दुसऱ्या दिवशी ते अभिनवकडे गेले आणि रंगाचा रकानाच मॉडेलमधून काढ म्हणाले. अभिनवने प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू. पण लगेच तक्रारी यायला लागल्या. नको ती स्थळं का दाखवता, आमच्या अपेक्षा तुम्हाला कळत नाहीत का. एका बाईंनी तर फोनवर मला विचारलं, तुमच्याकडे चांगल्या मुली संपल्या का. शेवटी रकाना परत आला. मॉडेल उत्तम चालायला लागलं. चौथ्या कप्प्यातली सगळी नावं प्रत्येकाच्या यादीत तळाला गेली, जिथपर्यंत कुणाचं बोट पोचत नाही. अभिनव येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगायचा, "हे आमच्या पोंक्षे सरांचं मॉडेल." सर ते ऐकायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहायचे.

मग त्यांचं येणं कमी झालं. मध्ये एकदा कुसुमताई एकट्याच आल्या. मला वाटलं रंग बदलायचं काढतील. त्या म्हणाल्या, "आता मी नाही काही म्हणत. तनू म्हणाली, आई, जो सावळी वाचूनही फोन करेल त्याच्याशीच मला बोलायचंय. पटलं मला. राहू दे तसंच." जाताना दाराशी थांबून म्हणाल्या, "हे मात्र हल्ली जेवत नाहीत नीट. काय झालंय, बोलत नाहीत." मला सगळं माहीत होतं. पण ते मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते?

त्यानंतर काही दिवसांनी सर आले. बाकावर बसले नाहीत. दुरुस्तीचा फॉर्म मागून घेतला, उभ्याउभ्याच भरला आणि माझ्यापुढे ठेवला. तिसऱ्या चौकोनात खूण होती. गव्हाळ. ठळक नव्हती. पेन जेमतेम टेकवलेलं.

"सर?"

"शिक्का मारा."

"तनयाला विचारलंत?"

"सगळे सरकलेत, मुक्ताताई. मी एकटा जागेवर उभा राहिलो, आणि उभं तिला केलं. तत्त्व माझं, शिक्षा तिला. हा कुठला न्याय? मारा शिक्का."

याच गोष्टीसाठी मी त्यांच्याशी पहिल्या दिवशी भांडले होते. मला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आकड्यांतली लबाडी शोधणारा माणूस माझ्यापुढे आपल्या मुलीचा रंग बदलून उभा होता. मी शिक्का मारला. माझं कामच ते.

एका खुणेने काय होतं ते मग सगळ्यांनी बघितलं. तनयाचं नाव तळातून उचलून मध्यावर आलं. फोटो तोच, शिक्षण तेच, मुलगी तीच. तरी लोकांनी उघडून बघायला सुरुवात केली, पसंत्या आल्या, आणि ऋषी नावाच्या एका मुलाच्या घरून भेटायचाच निरोप आला. पहिली भेट आमच्या केंद्रातल्या बैठकीच्या खोलीत ठरली. त्या दिवशी तनया माझ्या टेबलाशी वाकून कुजबुजली, "मुक्ताताई, माझ्यात अचानक अशी काय सुधारणा झाली हो?" आणि ती हसली. सर पाठमोरे उभे राहून खिडकीतून रस्त्यावरची वाहनं बघत होते.

भेट चांगली चालली होती, हेच सगळ्यात वाईट. ऋषी साधा मुलगा होता. किल्ले चढायचा आणि उतरताना त्याचा गुडघा दुखायचा. तनयाने त्याला तिथेच खुर्चीवर पाय लांब करायला लावून एक व्यायाम दाखवला. तो म्हणाला, "इतक्या लोकांसमोर?" ती म्हणाली, "मग लपून दुखतो का?" आणि दोघंही खळखळून हसली. कुसुमताईंचे डोळे भरून आले. चहाचे कप ठेवताना मला वाटलं, जमतंय. देवा, जमतंय हे.

ऋषीच्या आईच्या हातात फोन होता. त्या एकदा फोनकडे बघत होत्या, एकदा तनयाकडे. बोलायला अगदी गोड बाई.

"नाही म्हणजे, आमचं तसं काही नाही हो," त्या म्हणाल्या. "पण इथे गव्हाळ लिहिलंय, म्हणून आपलं विचारलं."

"आई," ऋषी म्हणाला.

तनया जराही गडबडली नाही. "ते तुमच्या ॲपचं काहीतरी चुकलंय, मुक्ताताई," ती माझ्याकडे वळून म्हणाली. मग त्या बाईंना म्हणाली, "माझ्या फॉर्मवर सावळी आहे. बाबांनी स्वतः लिहिलंय. त्यांना तसलं काही चालतच नाही." हे ती इतक्या अभिमानाने म्हणाली की मला खोलीतून निघून जावंसं वाटलं. "हो ना बाबा?"

कुसुमताईंनी सरांकडे बघितलं.

"बाबा?"

"मी बदललं," सर म्हणाले.

ऋषीच्या आईने फोन पर्समध्ये ठेवला. सगळे उठले, नमस्कार झाले, चहा छान होता असंही झालं. ऋषी दाराशी घुटमळला, त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण आईने हाक मारली आणि तो गेला. "कळवतो आम्ही," त्या जिन्यातून म्हणाल्या. काय कळवणार ते मी तेव्हाच सांगू शकले असते.

खोलीत तिघंच उरले, आणि कप गोळा करणारी मी. तनया ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती सरांच्या समोर जाऊन बसली.

"कितवी आले मी, बाबा?"

"तनू, ते तसं नसतं. मॉडेलमध्ये..."

"अभिनव सगळ्यांना सांगतो, मॉडेल तुमचंच आहे. तुम्ही मोजलंत ना? मग सांगा."

सरांनी चष्मा काढला. तो पुसलाही नाही, हातात धरून बसले. "शेवटची," ते म्हणाले.

तिने मान हलवली, जुनाच निरोप पुन्हा ऐकल्यासारखी. "ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "आत्याला माहीत होतं, शाळेला माहीत होतं, सगळ्या पुण्याला माहीत होतं. फक्त तुम्हाला माहीत नव्हतं. तेवढंच होतं माझ्याकडे."

कुसुमताई तोंडावर पदर धरून रडायला लागल्या. तनयाने त्यांना हाताला धरून उठवलं, हेल्मेट घेतलं आणि त्यांना घेऊन ती जिना उतरली. खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. ती वडिलांना येऊ नका म्हणाली नव्हती. स्कूटरवर दोघींचीच जागा होती.

मी कप ठेवून टेबलाशी परतले. मग सर बाहेर आले आणि माझ्यापुढे उभे राहिले.

"पुन्हा सावळा करता येईल?" त्यांनी विचारलं.

"येईल की. दुरुस्तीचा फॉर्म भरा."

फॉर्म त्यांच्यापुढे ठेवून मी संगणकावर तनयाचं नाव काढायला गेले. नाव नव्हतं. दोनदा शोधलं. जिना उतरतानाच तिने फोनवरून स्वतःला काढून टाकलं असावं. वरच्या कप्प्यातून नाही, खालच्या कप्प्यातून नाही, सगळ्यातूनच. मी सरांकडे बघितलं. ते खाली वाकून, पेन घट्ट धरून, चौथ्या चौकोनात ठळक खूण करत होते. मी शाईचं पॅड उघडलं आणि शिक्का हातात घेतला.